मोबाइलसाठी चित्रकथा : वर्गात तयार करू या, जपून प्रसिद्ध करू या



मोबाइल मुलांच्या हातात द्यावा का, दिला तर किती वेळ द्यावा, यावर प्रत्येक पालकसभेत चर्चा होते. पण त्याच मोबाइलवर वाचता येईल असं काहीतरी मुलांनी स्वतः तयार केलं तर? आजच्या लेखात अशाच एका उपक्रमाची माहिती घेऊ : मोबाइलवर वाचायची चित्रकथा, म्हणजेच कॉमिक. उपक्रम साधारण इयत्ता पाचवी ते आठवीसाठी आहे आणि पाच-सहा तासिकांत होतो. त्याला कोरे कागद, पेन्सिल, काळं पेन, जुना पुठ्ठा, डिंक आणि अख्ख्या वर्गात मिळून एक फोन एवढं साहित्य पुरतं. प्रत्येक मुलाला फोन लागत नाही. खरं तर पहिल्या तीन तासिकांत फोन बाहेर काढायचाच नाही.

मूळ मुद्दा आधीच सांगते. छापील पानावर सगळ्या चौकटी एकदम दिसतात. वाचणारा पहिली चौकट वाचत असतानाही त्याची नजर हळूच शेवटच्या चौकटीवर जाऊन येते. मोबाइलवर एका वेळी जेमतेम एक-दोन चौकटी दिसतात. पुढचं सगळं अंगठ्याखाली झाकलेलं असतं. त्यामुळे कोणती गोष्ट आधी दाखवायची, कोणती लपवून ठेवायची आणि कोणती सांगायचीच नाही, हे मुलाला ठरवावं लागतं. लेखन शिकणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? म्हणून या उपक्रमाकडे चित्रकलेपेक्षा भाषेचा उपक्रम म्हणून पाहा. चित्र चांगलं येत नाही असं म्हणणारी मुलंही यात मागे पडत नाहीत.

थोडी पूर्वपीठिका

एका वेळी एकच चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याकडे नवं नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजातले कलाकार चित्रकथी ही परंपरा जपून आहेत. एका कथेच्या चित्रांच्या संचाला ते पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातला प्रसंग गात, वाद्यांच्या साथीनं, एकेक चित्र समोर धरायचं आणि ते संपलं की पुढचं काढायचं, अशी ही पद्धत. पुढचं चित्र कधी काढायचं हे सांगणाऱ्याच्या हातात असतं आणि ऐकणारे त्या क्षणाची वाट पाहतात. या कलेसाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मोबाइलवरच्या चित्रकथेत हेच घडतं. फरक इतकाच, की चित्र पुढे सरकवणारा हात वाचकाचा असतो.

आपल्या पेशाला अभिमान वाटावा अशीही एक माहिती आहे. चौकटीत चित्र आणि खाली मजकूर अशा आधुनिक चित्रकथेच्या सुरुवातीच्या कर्त्यांमध्ये रोडॉल्फ ट्योप्फर यांचं नाव घेतात. ते स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात शाळा चालवत. विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी त्यांनी काढलेल्या चित्रकथा पुढे १८३० च्या दशकात छापून आल्या.

मराठी घरांत चित्रकथा मासिकांतून आणि वर्तमानपत्रांतून आली. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ अनेकांनी रोज सकाळी पहिल्यांदा वाचला असेल. ती पट्टी आडवी असते, कारण वर्तमानपत्राचं पान रुंद असतं. तीच आडवी पट्टी उभ्या फोनवर पाहिली तर अक्षरं मुंगीएवढी होतात.

यावर उपाय निघाला दक्षिण कोरियात. तिथल्या डाउम या संकेतस्थळानं २००३ मध्ये आणि नेव्हरनं २००४ मध्ये वेबटून सुरू केलं. वेबटून म्हणजे वेब आणि कार्टून यांचा जोडशब्द. चौकटी एकाखाली एक लावायच्या आणि वाचकानं खाली खाली सरकत जायचं. सुरुवातीला हे संगणकाच्या पडद्यासाठी होतं. पुढे स्मार्टफोन आले आणि ही उभी मांडणी तिथे अगदी चपखल बसली. पडद्यावरच्या चित्रकथेला पानाची मर्यादा उरत नाही, हा विचार अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी २००० साली पुस्तकातून मांडला होता. कोरियातल्या चित्रकारांनी तो रोजच्या वाचनात आणून दाखवला.

छापील आणि मोबाइल : तीन फरक

१. आकार. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर, फोनच्या पडद्याची साधारण ७. म्हणजे कागदावरचं चित्र फोनवर एक तृतीयांश होतं. कागदावर १२ पॉइंटचा टाइप असेल, तर फोनवर तो ४ पॉइंटसारखा दिसतो. फोनवर ३ मिलिमीटर उंचीचं अक्षर दिसायला हवं असेल, तर ए-४ च्या पूर्ण रुंदीत काढलेल्या चित्रात ते ९-१० मिलिमीटर उंच लिहावं लागतं. हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्या. गुणोत्तर-प्रमाणाचं इतकं रोकडं उदाहरण क्वचित मिळतं.

२. मोकळी जागा. छापील पानावर दोन चौकटींमध्ये बारीक पांढरी रेघ असते. फोनवर ती जागा हवी तेवढी वाढवता येते आणि ती वाढली की वाचकाला वेळ गेल्यासारखं वाटतं. चौकटी एकमेकींना चिकटून आल्या तर प्रसंग भराभर घडतो. मध्ये बोटभर पांढरं आलं तर क्षणभर शांतता पसरते. रात्र झाली, आठवडा गेला, कुणी विचारात पडलं, हे सगळं नुसत्या रिकाम्या जागेनं सांगता येतं.

३. उलगडा. पानावर पुढचं लपवायचं तर पान उलटेपर्यंत थांबावं लागतं. फोनवर प्रत्येक चौकट ही पान उलटल्यासारखीच. म्हणून धक्का, विनोद किंवा उत्तर नेहमी पुढच्या चौकटीत, थोडं अंतर सोडून ठेवायचं.

कागदी मोबाइल

हे तिन्ही फरक सांगून फारसे कळत नाहीत, हातानं करून लगेच कळतात. त्यासाठी एक साधन बनवू या.

- ए-४ कागद उभा धरून लांबीत तीन समान पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी ७ सेंटीमीटर रुंद होते, म्हणजे बरोबर फोनएवढी.
- अशा चार पट्ट्या एकाखाली एक चिकटवा. जोडासाठी एकेक सेंटीमीटर गेला तरी साधारण ११५ सेंटीमीटर लांब पट्टी मिळते.
- पुठ्ठ्याचा ११ बाय २० सेंटीमीटरचा तुकडा घ्या. त्यावर मधोमध १४ सेंटीमीटर अंतरावर दोन आडव्या फटी पाडा, प्रत्येकी साडेसात सेंटीमीटर लांब. हा झाला फोन.
- पट्टी खालच्या फटीतून वर काढायची, पुठ्ठ्यावरून न्यायची आणि वरच्या फटीतून मागे सोडायची. मागून वरचं टोक ओढलं की चित्रं खालून वर सरकतात.

आता मुलांना एका वेळी १४ सेंटीमीटरच दिसतं. कागद खऱ्या फोनच्या मापाचा असल्यामुळे अक्षर लहान झालं तर ते तिथल्या तिथे कळतं. गट चार-चार मुलांचा करा : एक जण पट्टी ओढेल, एक जण वाचेल, दोघं वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतील. तो कुठे हसला, कुठे अडखळला, कुठे पट्टी मागे घ्यायला सांगितली, एवढंच टिपायचं.

नमुना पाठ : म्हातारी आणि भोपळा

पहिल्यांदा करताना मुलांना माहीत असलेली गोष्ट घ्या, म्हणजे सगळं लक्ष मांडणीवर राहतं. मी म्हातारी आणि भोपळ्याची लोककथा सुचवते. ती सर्वांना ठाऊक आहे, तिच्यात घाबरवणं आहे, फसवणं आहे, आणि उतारावरून गडगडत जाणारा भोपळा तर उभ्या पट्टीसाठीच जन्माला आल्यासारखा आहे.

आधी गोष्ट तोंडी सांगायला लावा. मग एकच प्रश्न विचारा : “बारा चित्रांत सांगायची असेल तर कोणते बारा क्षण घ्याल?” वर्गात वादावादी होऊ द्या. माझी यादी अशी :

१. म्हातारी काठी टेकत दाराबाहेर पडते. निवेदन : “म्हातारी निघाली लेकीकडे.”
२. उंच झाडं, मध्ये इवलीशी म्हातारी. शब्द नाहीत.
३. झुडूप आणि त्यात दोन डोळे. “सळसळ.”
*(येथे मोठी मोकळी जागा)*
४. पूर्ण चौकट भरून वाघ. “थांब म्हातारे! खातो तुला.”
५. म्हातारीचा चेहरा जवळून. “आत्ता? नुसती हाडं लागतील दाताला. लेकीकडून परत येते, मग बघ.”
६. वाघ डोकं खाजवतो. “बरं. पण लवकर ये.”
७. तीच म्हातारी एकाखाली एक तीनदा : काटकुळी, भरलेली, गोल. “आठ दिवस… पंधरा दिवस… महिना.”
८. लेक मोठा पोकळ भोपळा पुढे करते. “आई, यात बस.”
९. लांबच लांब चौकट : वर डोंगरमाथा, खाली जंगल, भोपळा उतरतोय. “गडगड गडगड.”
१०. भोपळ्यासमोर वाघ. “ए भोपळ्या, म्हातारी दिसली का रे?”
११. भोपळा जवळून. “कुठली म्हातारी? मी आपला साधा भोपळा!”
१२. वाघ तसाच उभा, लांबवर भोपळ्याचा ठिपका. शब्द नाहीत.

सगळे मिळून ४४ शब्द. मुलं हीच गोष्ट वहीत लिहितात तेव्हा पानभर होते. मग बाकीचे शब्द गेले कुठे? काही चित्रात गेले, काही मोकळ्या जागेत, आणि काही मुळात लागतच नव्हते. हा शोध मुलांना स्वतः लागू द्या.

यातल्या तीन जागांवर जरा थांबा.

तिसऱ्या आणि चौथ्या चौकटींमधली मोकळी जागा कागदी मोबाइलमध्ये दोन प्रकारे करून पाहा. एकदा अर्धा सेंटीमीटर ठेवा, एकदा आठ सेंटीमीटर. पहिल्या वेळी डोळे आणि वाघ एकत्रच दिसतात, भीती वाटायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या वेळी वाचणारं मूल आपोआप पट्टी हळू ओढायला सांगतं.

नववी चौकट २० सेंटीमीटर लांब काढा. फोनच्या खिडकीपेक्षा ती मोठी आहे, त्यामुळे ती एका नजरेत मावत नाही. वाचक सरकवतो तसतसा भोपळा खाली येतो. इथे भोपळा चारदा काढायचा आणि प्रत्येक वेळी थोडा फिरलेला. गडगडण्याचं काम वाचकाचा अंगठाच करतो.

अकराव्या चौकटीत फुग्याचं शेपूट कुठे जातं ते बघा. ते भोपळ्याच्या आत शिरलं पाहिजे. वाघाला वाटतं भोपळाच बोलतोय. आपल्याला मात्र आवाज कुणाचा आहे ते कळतं. वाचकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असणं म्हणजे काय, हे सातवीच्या मुलाला व्याख्या देऊन समजावणं कठीण. फुग्याचं शेपूट एका रेषेत समजावतं.

गोष्टीत पुढे येणारं भोपळ्याचं गाणं मी मुद्दाम घेतलेलं नाही. ते वाचकाच्या मनात आपोआप वाजतंच.

भाषेचं काम कुठे होतं?

*कथनातून संवाद.* ‘वाघानं म्हातारीला विचारलं की…’ हे वाक्य फुग्यात घालता येत नाही. मुलाला ते वाघाच्या तोंडी द्यावंच लागतं. संवादलेखनाचा सराव यातून न कंटाळता होतो. मी वर्गात एक साधा नियम ठेवते : एका फुग्यात बारापेक्षा जास्त शब्द नकोत. जास्त झाले तर दोन फुगे करा, नाहीतर शब्द कमी करा. बहुतेक मुलं शब्द कमी करतात.

*दोन प्रकारची मराठी.* चौकोनातलं निवेदन प्रमाण मराठीत आणि फुग्यातलं बोलणं घरच्या बोलीत, असं करून पाहा. म्हातारी मालवणी बोलू शकते, अहिराणी बोलू शकते, वऱ्हाडीही बोलू शकते. एरवी वहीत ‘अशुद्ध’ म्हणून लाल रेघ खाणारी बोली इथे मानानं येते, आणि कुठे काय वापरायचं याचं भानही येतं. शब्द कसा लिहायचा यावर मुलं घरी आजीला विचारतात, हा वरचा फायदा.

*आवाजाचे शब्द.* धप्प, सळसळ, गडगड, खळ्ळकन, चर्र, भुर्रकन. अशा शब्दांनी मराठी समृद्ध आहे, तरी मुलांच्या चित्रांत ‘बूम’ आणि ‘क्रॅश’च जास्त दिसतात. एक तासिका फक्त आवाज गोळा करायला द्या. तव्यावर पाणी पडलं तर? एसटीचं दार लागलं तर? पत्र्यावर पाऊस आला तर? व्याकरणातले अनुकरणवाचक शब्द इथे जिवंत होतात.

*शुद्धलेखन.* छोट्या फुग्यातली चूक मोठी दिसते, कारण तिथे नजर जाते. पेन्सिलीत लिहा, जोडीदाराकडून तपासून घ्या, मगच काळं पेन फिरवा.

कागदावरून फोनवर

आता चौथ्या तासिकेला फोन बाहेर काढू या.

अंतिम चित्रं मोठ्या मापात काढलेली बरी : ए-४ वर एक चौकट, अक्षर वर सांगितल्याप्रमाणे ९-१० मिलिमीटर. पेन्सिलीवर काळ्या पेनानं ठसठशीत रेघ मारा. फिकट पेन्सिल फोटोत हरवते.

फोटो दिवसा, खिडकीजवळ काढा. फ्लॅश नको, कागद चमकतो. फोन कागदाला समांतर धरा, तिरका धरला तर चौकट एका बाजूला निमुळती होते. फोनमध्ये कागद स्कॅन करण्याची सोय असेल तर ती वापरा. कडा सरळ होतात आणि कागद पांढरा दिसतो. फाइलींना ०१, ०२, ०३ असे क्रमांक द्या. नुसते १, २, ३ दिले तर पुष्कळदा १ नंतर १०, ११ येतात आणि भोपळा म्हातारीच्या आधी घरी पोचतो!

अक्षरं हाताचीच राहू द्या, असं माझं मत. मुलाच्या अक्षराला चित्राचंच वळण असतं. टाइप करायचंच असेल तर ‘बालू’, ‘मुक्त’ किंवा ‘कलम’ यांसारखे मोफत देवनागरी फॉन्ट मिळतात. तीन गोष्टी मात्र तपासा. जोडाक्षरं तुटत नाहीत ना, म्हणजे ‘म्हातारी’चं ‘म् हातारी’ झालेलं नाही ना? दोन ओळी इतक्या जवळ नाहीत ना, की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडेल? आणि ल, श मराठी वळणाचे आहेत का? इंग्रजी फुग्यासाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला पुरत नाही, कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतो.

थेट फोनवर चित्र काढायची आवड असेल तर आयबिस पेंट किंवा मेडिबँग पेंट ही ॲप आहेत. मांडणीसाठी कॅनव्हा किंवा गुगल स्लाइड्स चालतं. संगणकावर स्लाइडचं माप १०८० बाय १३५० पिक्सेल असं उभं ठेवा आणि एका स्लाइडवर एकच चौकट घ्या. मोकळी जागा हवी तिथे कोरी स्लाइड ठेवता येते.

यंत्राला सांगून तयार चित्र मिळवण्याची सोय आता हाताशी आहे. इथे तिचा मोह टाळावा. बारा क्षण निवडणं, शब्द कमी करणं, शेपूट कुठे वळवायचं ते ठरवणं हेच शिकणं आहे. ते दुसऱ्याकडे सोपवलं तर मुलाच्या वाट्याला फक्त चकचकीत चित्र येतं.

प्रसिद्ध करायचं म्हणजे कुठे?

प्रकाशनाच्या तीन पायऱ्या समजा. प्रत्येकानं तिसऱ्या पायरीवर गेलंच पाहिजे असं काही नाही.

*पहिली पायरी : वर्ग आणि घर.* चित्रं व्हॉट्सॲपवर एकेक करून पाठवली तर ती एका पुंजक्यात जमा होतात, दाबून लहान होतात आणि मध्येच कुणाचा ‘सुप्रभात’ येतो. त्यापेक्षा सगळ्या चौकटींची एकच पीडीएफ करा, एका पानावर एक चौकट. फोनवर ती उघडली की पानं एकाखाली एक सरकतात, म्हणजे आपल्याला हवी तशीच. चित्रंच पाठवायची असतील तर दस्तऐवज म्हणून पाठवा, दर्जा टिकतो.

*दुसरी पायरी : शाळेचा ब्लॉग किंवा संकेतस्थळ.* चित्रं एकाखाली एक, सारख्या रुंदीची लावा. ८०० ते १०८० पिक्सेल रुंदी पुरते. फाइली हलक्या ठेवा, गावाकडे नेटची रेंज कशी असते ते आपल्याला माहीत आहे. प्रत्येक चित्राला एका वाक्याचं वर्णन जोडा. पडदा वाचून दाखवणारं ॲप वापरणाऱ्या अंध वाचकांपर्यंत गोष्ट पोचते आणि मुलांना चित्रवर्णनाचा सरावही होतो.

*तिसरी पायरी : सर्वांसाठी खुली माध्यमं.* वेबटूनच्या संकेतस्थळावर हौशी चित्रकारांसाठी खुला विभाग आहे, तिथे ८०० पिक्सेल रुंदीची उभी पट्टी लागते. इन्स्टाग्रामवर चौकटी आडव्या सरकतात, त्यामुळे आपली लांबलचक नववी चौकट तिथे चालणार नाही. तिचे तीन तुकडे करून नव्यानं रचावं लागेल. माध्यम बदललं की मांडणी बदलते, हेही शिकण्यासारखं आहे. इन्स्टाग्रामसाठी किमान वय १३ आहे. शाळकरी मुलांचं काम तिथे द्यायचंच असेल तर ते मोठ्या माणसांच्या खात्यावरून, त्यांच्या देखरेखीखाली द्यावं.

आधी हे तपासा

इथे घाई नको. चित्रकथा एकदा बाहेर गेली की ती पूर्णपणे परत घेता येईलच असं नाही.

- ओळख. मुलाचं पूर्ण नाव, फोटो, पत्ता, गणवेशावरचं शाळेचं नाव, घराचा ओळखू येणारा परिसर यातलं काही नको. पहिलं नाव किंवा टोपणनाव पुरे. टोपणनाव शोधण्यात मुलं रमतात. फोटो काढताना कॅमेऱ्यातली जागेची नोंद बंद ठेवा.
- पालकांची संमती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती मूल धरली जाते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. कायदा बाजूला ठेवला तरी काय, कुठे आणि कुणासाठी प्रसिद्ध होणार हे पालकांना लेखी कळवणं ही साधी रीत आहे.
- मुलाची संमती. ही बहुतेक वेळा राहून जाते. “तुझी गोष्ट इतरांनी वाचलेली तुला चालेल का?” हे मुलाला एकटं गाठून विचारा. वर्गासमोर विचारलं तर ‘नाही’ म्हणणं अवघड जातं.
- हक्क. मुलांना डोरेमॉन काढायचा असतो. वहीत खुशाल काढू दे. प्रसिद्ध करताना स्वतःचं पात्र हवं. लोककथा सर्वांच्या आहेत. लेखकाच्या पुस्तकावर मात्र भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं साहित्य आता मुक्त आहे आणि त्यावर चित्रकथा करता येते.

आणखी एक गोष्ट पालकांना आणि शिक्षकांना दोघांनाही सांगावीशी वाटते. ‘माझी गोष्ट’ असा विषय दिला की काही मुलं खरं सांगतात. घरातलं भांडण, आजारी भाऊ, वर्गातला त्रास. जे बोलता येत नाही ते चित्रात येतं, कारण चित्रात माणसाला मांजर करता येतं. अशी पट्टी हातात आली तर तिचं कौतुक करून ती गटावर टाकायची नाही. मुलाशी बोलायचं, गरज असेल तिथे मदत मिळवून द्यायची आणि पट्टी त्याच्याकडेच सुरक्षित ठेवायची. काही चित्रकथांना एकच वाचक पुरतो, आणि तो विश्वासाचा असावा.

मूल्यमापन

चित्राच्या सुबकपणाला गुण देऊ नका. नाहीतर चित्रकलेत हुशार असलेली चार मुलंच पुढे राहतात. हे प्रश्न विचारा :

१. कुणीही समजावून न सांगता दुसऱ्या वर्गातल्या मुलाला गोष्ट कळली का?
२. कोणती चौकट काढून टाकली तरी गोष्ट चालते? असेल तर ती का ठेवली?
३. कुठे मोकळी जागा मुद्दाम सोडली आणि तिथे काय घडलं?
४. चित्रात दिसणारी गोष्ट शब्दांत पुन्हा सांगितली आहे का?
५. फोन हातभर लांब धरून अक्षर वाचता येतं का?

शेवटी प्रत्येक मुलाकडून दोन ओळी लिहून घ्या : पहिल्या आराखड्यात काय होतं आणि नंतर काय बदललं. माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं मूल्यमापन हेच, कारण आपलं लिखाण पुन्हा पाहून बदलण्याची सवय एरवी लावणं फार कठीण असतं.

पालकांसाठी

घरी हा उपक्रम करायला सुट्टीचा एक दिवस पुरतो. चित्र काढून देऊ नका, वाचक व्हा. कागदी मोबाइल हातात घ्या, पट्टी ओढा आणि जिथे कळलं नाही तिथे फक्त “इथे मला कळलं नाही” एवढंच सांगा. दुरुस्ती मूल स्वतः शोधेल. पाहुण्यांना दाखवायचं की नाही, हेही त्यालाच ठरवू द्या.

पुढच्या वेळी मूल मोबाइलवर एखादी चित्रकथा वाचताना दिसलं तर शेजारी बसा आणि विचारा, “इथे एवढी जागा रिकामी का सोडली असेल रे?” स्वतः एक पट्टी केलेलं मूल या प्रश्नावर बराच वेळ बोलतं. आपल्या वर्गात म्हातारीच्या जागी कोणती गोष्ट घेतली आणि मुलांनी कोणते बारा क्षण निवडले, ते इतर शिक्षकांनाही जरूर सांगा.